तार सुरात लावणे : स्वरमापक यंत्र आणि वादकाचा कान

वाराणसीस गंगा उत्तरवाहिनी होते. तिच्या पश्चिम तीरावरून मणिकर्णिकेकडून उत्तरेस पंचगंगा घाटाकडे जाऊ लागले म्हणजे प्रथम शिंद्यांच्या नावाचा घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि त्यापुढे काही अंतरावर रामघाट लागतो. या भागाचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. पंचगंगा, दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या वास्तव्य केले आहे. रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने २०२५ साली शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केले, ते येथेच.

वेदपठणात उदात्त, अनुदात्त व स्वरित असे तीन स्वर मानले जातात. त्यांची उंची कोणत्याही वाद्यावरून ठरवलेली नसते. एका पाठकाचा आवाज चढा असेल, दुसऱ्याचा खालचा. त्यात दोष मानला जात नाही. परंतु एका स्वराचे दुसऱ्या स्वराशी असलेले नाते ढळले, तर तो पाठ अशुद्ध ठरतो. माध्यंदिन शाखेत हे नाते उच्चाराबरोबरच हाताच्या हालचालीनेही दाखवण्याची पद्धत आहे. विद्यार्थी गुरूचा आवाज ऐकतो आणि त्याचा हातही पाहतो. डोळा कानाला साहाय्य करतो. पण स्वर खरा की खोटा याचा निर्णय अखेर कानच देतो.

या गोष्टीचा गिटार आणि बेस गिटार या वाद्यांशी वरवर पाहता काहीच संबंध नाही. तरी ही वाद्ये शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. त्याच्या वाद्याच्या टोकाला एक लहानसे यंत्र चिमट्याने लावलेले असते. तार छेडली की त्यावरील सुई डावीकडे अथवा उजवीकडे कलते आणि स्वर जुळताच हिरवा दिवा लागतो. या यंत्राला इंग्रजीत ट्यूनर म्हणतात. येथे त्यास स्वरमापक असे म्हटले आहे. तो कसा वापरावा, त्यावर कोठवर विसंबावे आणि कोठे थांबावे, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

स्वरमापक काय मोजतो

ताणलेली तार छेडली असता ती ठराविक वेगाने कंप पावते. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंपनसंख्या म्हणतात आणि ती हर्ट्‌झ या एककात सांगतात. कंपनसंख्या दुप्पट झाली की स्वर एका सप्तकाने वर जातो. स्वरमापक ही कंपने मोजतो, मोजलेली संख्या कोणत्या स्वराच्या सर्वांत जवळची आहे हे ठरवतो, आणि तार त्या स्वरापेक्षा उतरलेली आहे की चढलेली, हे सुईने दाखवतो.

हे काम पूर्वी कानानेच होत असे. त्यासाठी एखादा स्थिर स्वर मिळाला की पुरे. इ. स. १७११ मध्ये जॉन शोर या इंग्रज वादकाने नादकाटा तयार केला. १९३६ साली अमेरिकेतील कॉन या वाद्यनिर्मात्या कंपनीने ‘स्ट्रोबोकॉन’ हे यंत्र बाजारात आणले. त्यात फिरत्या तबकड्यांवर लुकलुकणारा प्रकाश पडे आणि स्वर जुळला की तबकडीवरील पट्टे स्थिर दिसत. ते यंत्र मोठे व महाग होते. १९७५ साली जपानमधील कॉर्ग कंपनीने हातात मावणारा, सुईचा स्वरमापक तयार केला आणि ही सोय सामान्य वादकाच्या आवाक्यात येऊ लागली. आज ती भ्रमणध्वनीमध्येही मिळते.

प्रचारात तीन प्रकारचे स्वरमापक आहेत. पहिला ध्वनिग्राहकाने हवेतील आवाज ऐकतो. तो शांत खोलीत उपयोगी पडतो. दुसऱ्यात विद्युत् गिटारची तार सरळ यंत्रात जोडतात. तिसरा चिमट्याचा, तो हवेतील आवाज ऐकत नाही, तर वाद्याच्या लाकडातील कंप टिपतो. घाटावर घंटा, नावाड्यांच्या हाका आणि आरतीचे ध्वनिक्षेपक यांच्या गलबल्यात पहिला प्रकार गोंधळून जातो. तेथे तिसरा प्रकारच योग्य होय.

स्वरमापक ज्या मापाने मोजतो, त्याची माहिती असणे आवश्यक आहे. १९३९ साली लंडन येथे भरलेल्या परिषदेत ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या ४४० असावी असे ठरले, आणि १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते प्रमाण म्हणून स्वीकारले. या स्वरापासून सप्तकाचे बारा सारखे भाग केले जातात. प्रत्येक भागाचे पुन्हा १०० सूक्ष्म भाग कल्पिले असून त्यांना ‘सेंट’ म्हणतात. म्हणजे पूर्ण सप्तक १२०० सेंटांचे होते. हे माप अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने १८८५ साली रूढ केले. स्वरमापकाच्या सुईखालील अंक सेंटांचे असतात. सुई उणे १० वर असेल, तर तार त्या स्वराहून १० सेंट उतरलेली आहे असे समजावे.

सहा तारा आणि चार तारा

यंत्रावर स्वरांची नावे रोमन अक्षरांत उमटतात. मराठी विद्यार्थ्यास पेटीच्या पट्ट्या अधिक परिचयाच्या असल्याने दोन्ही नावे एकत्र लक्षात ठेवणे सोयीचे. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन म्हणजे डी, याप्रमाणे पांढरी सात म्हणजे बी. काळी एक ही सी आणि डी यांच्या मधली.

गिटारच्या सर्वांत जाड तारेपासून आरंभ केल्यास सहा तारांचे स्वर असे येतात : ई, म्हणजे पांढरी तीन, कंपनसंख्या ८२.४१, ए, पांढरी सहा, ११०, डी, पांढरी दोन, १४६.८३, जी, पांढरी पाच, १९६, बी, पांढरी सात, २४६.९४, आणि पुन्हा ई, ३२९.६३. बेस गिटारच्या चार तारा यांपैकी पहिल्या चारांच्याच नावाच्या, परंतु एक सप्तक खाली असतात : ई ४१.२०, ए ५५, डी ७३.४२ आणि जी ९८. पाच तारांच्या बेस गिटारमध्ये याखाली बी ही तार असते. तिची कंपनसंख्या केवळ ३०.८७ असते.

येथे नवशिक्याची एक चूक वारंवार होते. यंत्र अक्षर दाखवते, पण ते अक्षर कोणत्या सप्तकातले हे पुष्कळ यंत्रे दाखवत नाहीत. तार अपेक्षित स्वरापासून फारच दूर असेल, तर भलत्याच स्वराचा हिरवा दिवा लागू शकतो. विद्यार्थी खुंटी पिळत राहतो आणि तार तुटते. म्हणून खुंटीला हात लावण्यापूर्वी तार छेडावी, तिचा स्वर गुणगुणावा, आणि तो वर न्यायचा की खाली आणायचा हे मनाशी ठरवावे. यंत्राकडे त्यानंतर पाहावे.

यंत्र वापरण्याची रीत

प्रथम यंत्रातील मूळ स्वर ४४० वर आहे की नाही हे पाहावे. हा आकडा बदलता येतो व अनवधानाने बदललेलाही असू शकतो. ज्या पेटीबरोबर वाजवायचे ती जुनी असेल आणि तिचे स्वर या प्रमाणाशी जुळत नसतील, तर पेटी बदलता येत नाही. यंत्र बदलता येते. पेटीची पांढरी सहा दाबून धरावी आणि सुई मध्यावर येईपर्यंत यंत्रातील आकडा वर अथवा खाली करावा. ४३६ किंवा ४४४ यांसारखा जो आकडा येईल, तो त्या मैफलीपुरता प्रमाण मानावा. साथ करणाऱ्याने प्रमुख स्वराशी जुळवून घ्यावे, या जुन्या शिस्तीचेच हे आधुनिक रूप आहे.

तार एका वेळी एकच छेडावी व इतर तारांवर हात ठेवून त्या मुक्या कराव्यात. आघात हलका असावा. जोराने छेडलेली तार क्षणभर अधिक ताणली जाते आणि तिचा स्वर चढतो. मग तो खाली येऊन स्थिर होतो. सुई पहिल्या क्षणी जे दाखवते ते सोडून द्यावे व ती स्थिरावल्यावरचे वाचन ग्राह्य धरावे.

तार नेहमी खालून वर आणावी. ती चढलेली असेल, तर आधी स्वराच्या थोडी खाली उतरवावी आणि मग हळूहळू वर घ्यावी. खुंटीच्या दात्यांत आणि मानेच्या टोकाशी असलेल्या खाचेत थोडी सैल जागा राहते. वरून खाली आणलेली तार त्या सैलपणामुळे वाजवता वाजवता उतरते. नवी तार तर पहिले काही तास ताण सोडतच असते. बोटांनी ती हलकेच ओढून पुन्हा लावावी. असे दोनतीनदा करावे.

एक तार चढवली की लाकडावरील एकूण ताण वाढतो आणि बाकीच्या तारा किंचित उतरतात. म्हणून सहाही तारा एकदा लावून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासाव्यात. हवेचाही परिणाम होतो. वैशाखातल्या उन्हात तापलेली पोलादी तार प्रसरण पावून उतरते. सायंकाळी नदीवरचा वारा लागला की ती आकुंचन पावून चढते. वाद्य खोलीतून घाटावर आणल्यावर लगेच लावण्याची घाई करू नये. त्यास बाहेरच्या हवेत काही वेळ राहू द्यावे.

मोकळ्या तारा जुळल्या, तरी वरच्या पडद्यांवर वाद्य बेसूर वाजू शकते. त्याची परीक्षा अशी घ्यावी. बाराव्या पडद्याच्या नेमक्या वर तारेला बोटाचा केवळ स्पर्श करून ती छेडावी आणि बोट लगेच उचलावे. एक सप्तक वरचा नितळ स्वर निघतो. यंत्रावर त्याची नोंद घ्यावी. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडावी. दाबलेला स्वर चढा आला, तर घोडीवरचा त्या तारेचा आधार मानेपासून दूर सरकवून तार लांब करावी. उतरलेला आला, तर जवळ आणावा. विद्युत् गिटार व बेस गिटार यांत हा आधार स्क्रूने सरकतो. साध्या लाकडी गिटारमध्ये तो पक्का बसवलेला असतो. तेथे हे काम कारागिराकडे सोपवावे.

खर्जातील अडचण

बेस गिटारच्या जाड तारेपुढे पुष्कळ यंत्रे अडखळतात. सुई डोलत राहते, अक्षर बदलत राहते, आणि विद्यार्थ्यास वाटते की यंत्र बिघडले. त्याचे कारण साध्या गणितात आहे. यंत्राला निर्णय देण्यासाठी काही पूर्ण कंपने मोजावी लागतात. गिटारच्या सर्वांत बारीक तारेची दहा कंपने एका सेकंदाच्या तेहतिसाव्या हिश्श्यात होतात. बेस गिटारच्या ई तारेच्या दहा कंपनांना जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवधीत तारेचा आरंभीचा चढेपणा उतरत असतो. शिवाय या तारेतील मूळ स्वर पुष्कळदा दुर्बल असतो आणि त्यावर उठणारे उपस्वर प्रबळ असतात. यंत्र कधी याला, तर कधी त्याला मूळ स्वर समजते.

यावर उपाय आहेत. तार अंगठ्याच्या मांसल भागाने, मानेच्या टोकाजवळ, मृदूपणे छेडावी. विद्युत् वाद्यावरील तीव्रतेची कळ खाली आणावी. तरीही सुई स्थिर होत नसेल, तर वर सांगितल्याप्रमाणे बाराव्या पडद्यावर बोटाचा स्पर्श करून छेडावे. ४१.२० ऐवजी ८२.४१ कंपनांचा स्वर यंत्रापुढे येतो आणि तो त्यास सहज ओळखता येतो.

खर्जातली चूक ऐकू येत नाही, असा एक समज आहे. एकट्या तारेच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे : ई तार ५ सेंट उतरली, तर कंपनसंख्येत फरक पडतो तो एका सेकंदास जेमतेम ०.१२ कंपनाचा. परंतु बेस गिटार एकटी वाजत नाही. तिचे उपस्वर वरच्या वाद्यांच्या स्वरांना भिडतात आणि तेथे तोच फरक कित्येक पटींनी वाढतो. पाया थोडा कलला तरी भेग वरच्या मजल्यावर दिसते, तसा हा प्रकार आहे.

हिरवा दिवा लागूनही बेसूर

आता खऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. समजा, रामघाटाजवळच्या एखाद्या घरी सायंकाळी भजन आहे. गाणाऱ्याचा षड्ज पांढरी दोन आहे, तंबोरा त्या स्वरात लावलेला आहे, आणि साथीला मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची गिटार आहे. हिंदुस्थानी संगीतात हे वाद्य आता परके राहिलेले नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी त्यास रागसंगीतात मान मिळवून दिला आणि वाराणसीच्या कमला शंकर यांनी ‘शंकर गिटार’ हे त्याचे एक रूप घडवले. आपल्या विद्यार्थ्याने सहा तारा डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी अशा, म्हणजे षड्ज, पंचम व गांधार यांच्या, लावल्या आहेत. प्रत्येक तारेवर हिरवा दिवा लागला आहे. तरीही तंबोऱ्याबरोबर गांधाराची तार छेडताच कानास काहीतरी खुपते. गाणारा मागे वळून पाहतो.

यंत्र खोटे बोललेले नाही आणि तंबोराही चुकलेला नाही. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे उपस्वर उमटतात. जवारी नीट लागली असेल, तर पाचपटीचा उपस्वर स्पष्ट ऐकू येतो. त्यालाच गायक स्वयंभू गांधार म्हणतात. त्या सप्तकातील षड्जापासून त्याचे अंतर ३८६ सेंट आहे. स्वरमापकाचा गांधार मात्र बारा समान भागांच्या हिशेबाने ४०० सेंटांवर असतो. तो सुमारे १४ सेंट चढा आहे.

हा फरक किती, हे आकड्यांवरून स्पष्ट होईल. जोडाच्या तारांची कंपनसंख्या १४६.८३ धरली, तर स्वयंभू गांधार ७३४ च्या आसपास येतो. यंत्राने लावलेल्या गांधाराच्या तारेचा त्याच सप्तकातील उपस्वर ७४० च्या आसपास येतो. दोन जवळचे नाद एकत्र आले की आवाज लाटेसारखा वाढतो आणि कमी होतो. या लाटांना विस्पंद म्हणतात. येथे एका सेकंदात जवळजवळ सहा विस्पंद होतात. कानास खुपते ते हेच.

उपाय कठीण नाही. कांडीने वाजवायच्या या गिटारवर ती एक तार यंत्रावर उणे १४ येईपर्यंत उतरवावी, आणि मग यंत्र बाजूला ठेवून तंबोऱ्याबरोबर छेडत विस्पंद मंद होत होत थांबतील तेथे ती ठेवावी. पंचमाच्या तारांत फरक अवघा २ सेंटांचा आहे. त्या किंचित चढवाव्यात. पडद्यांच्या साध्या गिटारला मात्र हा उपाय लागू नाही. तिचे पडदे बारा समान भागांच्या हिशेबानेच ठोकलेले असतात. एक तार उतरवून एक स्वर शुद्ध केला, तर त्या तारेवरचे दुसरे स्वर बिघडतात. त्या वाद्यावर यंत्राचेच माप ठेवावे आणि तंबोऱ्याबरोबर वाजवताना गांधारावर दीर्घकाळ थांबणे टाळावे.

उलट बाजूही लक्षात घेतली पाहिजे. गिटार जुळवण्याची एक जुनी रीत आहे : जाड तारेचा पाचव्या पडद्यावरचा उपस्वर आणि शेजारच्या तारेचा सातव्या पडद्यावरचा उपस्वर एक होईपर्यंत तार लावायची. कानाला ही जुळणी निर्दोष वाटते. परंतु ई तारेचा चौपट स्वर ३२९.६३ आणि ए तारेचा तिप्पट स्वर ३३० आहे. ते पडद्यांच्या मापाप्रमाणे पूर्ण एक होणे अपेक्षितच नाही. ते एक केले, तर दर जोडीगणिक २ सेंटांची चूक होते आणि ती पुढच्या तारांवर साठत जाते. येथे यंत्राचे म्हणणे खरे मानावे लागते. सारांश, कान नेहमी बरोबर आणि यंत्र नेहमी चूक, असे नाही. वाद्य कोणते व सोबत कोणाची, यावर निर्णय अवलंबून असतो.

सांगलीपासून वाराणसीपर्यंत

हा प्रश्न विद्युत् यंत्रांबरोबर आलेला नाही. महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चिला गेला आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची स्थाने गणिताने निश्चित करण्याचा ध्यास घेतला. ताणलेल्या तारेच्या लांबीवरून स्वरांची मोजमापे घेताना त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य मिळाले. १९१० साली देवल यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सनदी सेवेतील अर्नेस्ट क्लेमंट्स हे न्यायाधीश त्यांचे सहकारी होते. दोघांच्या प्रयत्नांतून श्रुती वाजवणारी हार्मोनियम तयार झाली. नेहमीची पेटी बारा समान भागांची असल्याने आपल्या स्वरांना न्याय देत नाही, ही त्यांची तक्रार होती; आणि उपाय म्हणून त्यांनी अधिक सूक्ष्म पेटी पुढे केली.

१९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे या पेटीचा विषय निघाला; परंतु जमलेल्या गुणिजनांचे तिने समाधान झाले नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपल्या पद्धतीचा पाया बारा स्वरांवरच ठेवला आणि सूक्ष्म स्थाने गायकाच्या गळ्यावर सोपवली. परिषदेचे पुढचे अधिवेशन १९१८ साली दिल्लीस आणि त्यानंतरचे १९१९ साली वाराणसीस झाले. श्रुती हार्मोनियम प्रचारात आली नाही. साध्या पेटीवरही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी ठेवली होती. तिचे पक्के स्वर भारतीय संगीतास हानिकारक आहेत, हे त्यामागील एक कारण होते.

वाराणसीत या प्रश्नाचा पाठपुरावा पुढेही झाला. काशी हिंदू विश्वविद्यालयात १९५० साली पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्या प्राचार्यपदाखाली संगीताचे शिक्षण सुरू झाले. त्याच विश्वविद्यालयातील लालमणि मिश्र यांनी बावीसही श्रुती एकाच सप्तकात ऐकवता याव्यात, यासाठी श्रुतिवीणा रचली. १९७९ साली बंगलोर येथे जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. दुसरीकडे मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची जवारी आजही कारागीर कानाने काढतो. यंत्र आले म्हणून कारागीर गेला नाही, आणि कारागीर टिकला म्हणून यंत्र निरुपयोगी ठरले नाही.

देवल यांच्या श्रमांतून एक बोध घेण्यासारखा आहे. त्यांनी केलेली मोजमापे ही अभ्यासाची मोलाची साधने होती. अडचण आली ती मोजलेले स्थान कायमचे ठोकून बसवताना. गाणारा गांधार रागाप्रमाणे आणि मागच्यापुढच्या स्वरांप्रमाणे किंचित हलवतो. पक्की बसवलेली पट्टी तसे करू शकत नाही. स्वरमापकाची सुईही एका तारेचा एका क्षणीचा हिशेब सांगते. ती तार कोणाच्या सोबतीला वाजणार आहे, हे तिला ठाऊक नसते.

अभ्यासाचा क्रम

या विवेचनावरून विद्यार्थ्याने पुढील क्रम ठेवावा. रोज वाद्य हाती घेतल्यावर प्रथम यंत्र न लावता, एखाद्या नादकाट्याचा किंवा तंबोऱ्याचा स्वर घेऊन सर्व तारा कानाने लावाव्यात. मग यंत्र लावून प्रत्येक तार किती सेंट चुकली, ते वहीत लिहावे. बहुधा असे दिसेल की चुका सर्व तारांवर सारख्या नसतात. एखादी तार नेहमीच चढी लागते, एखादी नेहमीच उतरलेली. आपला कान कोणत्या बाजूला झुकतो, हे कळणे हा यंत्राचा सर्वांत मोठा लाभ होय. महिन्याभराच्या नोंदी पाहिल्या, तर सुधारणा झाली की नाही हेही कळते.

त्यानंतर यंत्राच्या साहाय्याने तारा बिनचूक कराव्यात व यंत्र बंद करावे. शेवटची परीक्षा सोबतीच्या वाद्याबरोबर किंवा गळ्याबरोबर घ्यावी : षड्ज प्रथम, मग पंचम, मग गांधार. विस्पंद ऐकण्याची सवय लावावी. बेस गिटारच्या विद्यार्थ्याने हीच परीक्षा गिटारच्या खालच्या तारांशी घ्यावी. मैफलीत दोन रचनांच्या मध्ये तारा तपासण्यासाठी मात्र यंत्रच वापरावे. तेथे वेळ थोडा असतो, भोवती आवाज फार असतो आणि श्रोत्यांना खुंट्या पिळण्याचा नाद ऐकवण्याचे काही कारण नाही.

रामघाटापासून पंचगंगेकडे थोडे पुढे गेले म्हणजे बालाजीचे मंदिर लागते. तेथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तरुणपणी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला. शहनाईला तार नाही, खुंटी नाही. पत्तीवरील ओठांचा दाब आणि श्वास यांनीच प्रत्येक स्वर त्या त्या क्षणी सुरात आणावा लागतो. गिटारच्या विद्यार्थ्याचे काम त्या मानाने सोपे आहे. त्याच्यापाशी खुंट्या आहेत, पडदे आहेत आणि आता सुईही आहे. विद्यालयातील बटूला गुरूचा हात ज्या उपयोगाचा, त्याच उपयोगाची ही सुई आहे. पाठ पक्का झाला म्हणजे तो हाताकडे न पाहताही अचूक म्हणू शकतो. आणि हात दाखवण्याची पाळी त्याच्यावर येते, तेव्हा तो आपल्या कानावर विसंबूनच हात हलवतो.